आंतरराष्ट्रीय देखरेखीखालची ब्युरेट

दिव्यापासून जितकं लांब जावं तितका उजेड कमी पडतो, हा नियम आम्ही मुलांना अकरावीत शिकवतो. विद्वत्तेच्या बाबतीत निसर्गाने नेमकी उलट व्यवस्था केलेली आहे. विद्वान जितका श्रोत्यांपासून दूर, तितकं त्याचं तेज अधिक. आपल्या गल्लीतला विद्वान हा शेजारी असतो, पुण्याचा विद्वान हा तज्ज्ञ असतो, आणि समुद्रापलीकडच्या विद्वानाने काय सांगितलं हे कळण्याचीसुद्धा गरज उरत नाही. या नियमाची पडताळणी नागपुरात, आमच्या महाविद्यालयात झाली. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे निरीक्षण आणि मत वेगवेगळं ठेवायची मला सवय आहे. खाली फक्त निरीक्षणं आहेत.

डॉ. अस्मिता रामटेके ही आमच्याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी. पुढे ती फिनलंडला गेली, शिकली आणि तिथल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागली. तिचा नवरा संघपाल तिथेच एका शाळेत गणित शिकवायचा. मिनल नावाची त्यांची मुलगी तिथेच शाळेत जायची. दर डिसेंबरात तिघं सुट्टीवर नागपूरला आले की प्राचार्य मधुसूदन सर अस्मिताचं व्याख्यान ठेवत. सभागृह भरायचं. शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीतलं सन्मानचिन्ह देऊन तिचा सत्कार व्हायचा. एका वर्षी ध्वनिक्षेपक बंद पडला आणि व्याख्यानातला एकही शब्द ऐकू आला नाही. ते व्याख्यान सर्वोत्तम झालं असं सगळ्यांचं मत पडलं.

मग एका जूनमध्ये ती कायमची परत आली. नवरा, मुलगी आणि सामानासकट.

परदेशातून सुट्टीवर येणाऱ्याला 'कधी आलात' असं विचारतात. कायमचं येणाऱ्याला 'काय झालं' असं विचारतात. मी त्या काळात लोकांची मतं ऐकून ठेवली होती. चाळीस टक्के लोकांच्या मते संघपालची नोकरी गेली होती आणि तीस टक्क्यांच्या मते अस्मिताची. वीस टक्के लोकांना वाटत होतं की दोघांचं पटत नसावं. (दोघं एकाच स्कूटरवर हसत जाताना दिसायचे, ते लोकांना दाखवण्यासाठी.) उरलेल्या दहा टक्क्यांनी काहीही मत दिलं नाही, कारण ते उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावी गेले होते. मिनलला नव्या शाळेत मुलांनी विचारलं, "तिकडे नापास झाली होतीस का?" तिने घरी येऊन आईला विचारलं, "नापास म्हणजे काय?" यावरून तिकडची शिक्षणपद्धती किती मागासलेली आहे याची कल्पना यावी.

परत येण्याचं कारण अस्मिताने कधीच लपवलं नाही. रसायनशास्त्रात टायट्रेशन नावाचा एक साधा प्रयोग असतो. ब्युरेट म्हणजे तळाशी तोटी असलेली, रेषा आखलेली, काचेची लांब नळी. तिच्यातून खालच्या चंचुपात्रात एकेक थेंब सोडायचा आणि द्रावणाला फिकट गुलाबी रंग येऊन टिकला की त्या क्षणी थांबायचं. अस्मिता आमच्याकडे शिकत होती तेव्हा आठ जणांच्या गटात एक ब्युरेट असायची. ती कुठल्या तरी मुलाच्या हातात असायची, आणि मुली बाजूला उभ्या राहून आकडे लिहून घ्यायच्या. अस्मिताने स्वतःच्या हाताने पहिली ब्युरेट धरली ती फिनलंडमध्ये, पदवी पदरात पडल्यानंतर. तिकडच्या मुलांना शिकवणारे पुष्कळ होते. इथल्या मुलींच्या हातात ब्युरेट द्यावी म्हणून ती परत आली. (हे ऐकून लोक नम्रपणे मान हलवायचे आणि पुढचं वाक्य येण्याची वाट पाहायचे.)

सगळ्यात जास्त त्रास तिच्या सासूबाईंना, सिंधूताईंना झाला. मी एकदा त्यांच्या इंदोरा वस्तीतल्या घरी चहाला गेले होते, तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, "वं अस्मिता, गल्लीतल्या बाया विचारून राहिल्या, काहून वापस आली म्हणून. काय सांगू त्याईले?"

"शिकवायला आले म्हणा, आई."

"तेच सांगतलं न वं. कांताबाई म्हणते, ते ठीक हाय, पण झालं काय?"

"काहीच झालं नाही."

"तेबी सांगतलं. मंग तर तिले पक्कंच वाटलं, का काहीतरी लय मोठं झालं."

शेवटी सिंधूताईंनी स्वतःच निर्णय घेतला. सुनेच्या कंबरेला तिकडची थंडी सोसत नव्हती, असं त्यांनी जाहीर केलं. गल्लीचं समाधान झालं. त्या आठवड्यात घरात निरनिराळी तेलं येऊन पडली आणि कांताबाईंनी स्वतः येऊन कंबर दाबून दाखवली. जगात सत्याला फार मोठी किंमत आहे असं मी मुलांना सांगते. गल्लीत मात्र ते चालत नाही, एवढंच.

आमच्या महाविद्यालयाने अस्मिताला तासिका तत्त्वावर घेतलं. (परदेशातला अनुभव ग्राह्य धरण्याची तरतूद नव्हती. परदेशातल्या व्यक्तीचा सत्कार करण्याची तरतूद होती.) तिच्या तासाला पहिल्या आठवड्यात वर्ग अर्धा भरला, पुढच्या आठवड्यात पाव, आणि नंतर बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली. विद्यार्थ्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. मॅडम इथेच राहणार आहेत, आज नाही ऐकलं तर उद्या ऐकता येईल. न चुकता येणारी एकच मुलगी होती, कन्हानहून बसने येणारी माया. ती पहिल्या बाकावर बसायची आणि कधी प्रश्न विचारायची नाही.

अस्मिताला मात्र तासांपेक्षा प्रयोगशाळेची काळजी होती. नव्या ब्युरेट होत्या, पण त्या कपाटात कुलूपबंद होत्या. मूल्यांकन समितीला दाखवण्यासाठी त्या घेतलेल्या होत्या. समितीने पाहून समाधान व्यक्त केलं होतं, आणि पुढच्या समितीलाही त्या तशाच पाहता याव्यात म्हणून त्यांना हात लावायला मनाई होती. विद्यार्थी टायट्रेशन रूढ पद्धतीने करायचे, म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उत्तर उतरवून घ्यायचे. (ही पद्धत अत्यंत अचूक आहे. गेल्या कित्येक वर्षांत उत्तरात दशांशाचाही फरक पडलेला नाही.)

अस्मिता प्राचार्यांकडे गेली. मीही सोबत होते.

"सर, कपाट उघडून द्या. प्रत्येकाच्या हातात एक ब्युरेट पाहिजे."

"मॅडम, बसा ना. चहा घ्या," मधुसूदन सर म्हणाले. "आता तुम्ही आपल्याच झालात. आपल्या माणसासाठी कपाट उघडलं, तर उद्या सगळेच मागतील."

"मागितल्या तर बरंच आहे."

"ब्युरेट फुटते, मॅडम." त्यांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "तुम्ही तिकडेच असता ना, तर कॉलेजचा केवढा फायदा झाला असता. आंतरराष्ट्रीय प्राध्यापक हा रकाना आमचा कोराच राहतो."

"पण मी इथे आहे."

"तेच तर!" ते कळवळून म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करा. तुम्ही शिकवा. पण जरा तिकडून शिकवा."

"तिकडून म्हणजे?"

"स्टोअर रूममधून."

मधुसूदन सरांच्या योजनेत एकही दोष नव्हता. जानेवारीपासून अस्मिताने रसायनांच्या स्टोअर रूममध्ये कॅमेऱ्यापुढे बसायचं आणि शेजारच्या वर्गात पडद्यावर दिसायचं. पाठीमागे बर्फ पडणाऱ्या खिडकीचं चित्र. पहिल्या सत्रात जी थोडी मुलं आली होती त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलेलं नसल्यामुळे तिला कोणी ओळखण्याचा संभव नव्हता; मायाने ओळखलंच असतं, तर ती कधी काही विचारायची नाही. येण्याजाण्याचीही अडचण नव्हती. नागपुरात कुठलीही बाई तोंडाला स्कार्फ बांधून, गॉगल लावून स्कूटरवरून आली तर तिच्याकडे कोणी पाहत नाही. न बांधता आली तरच पाहतात. मोबदल्यात सत्र संपल्यावर कपाट उघडलं जाईल, असा शब्द सरांनी दिला. अस्मिताने होकार दिला. तिला कपाट हवं होतं.

पहिल्याच दिवशी वर्ग भरला. दुसऱ्या आठवड्यात वाणिज्य शाखेची मुलंसुद्धा येऊन मागे उभी राहू लागली. "किती क्लिअर समजते, बाप्पा," एक मुलगा व्हरांड्यात सांगत होता, "आपल्या इकडच्या टीचर लोकांले असं येतच नाही गा." मी त्याच्या मागून चालत होते आणि मला त्याचं म्हणणं पटलं. मी स्वतः कायम इकडचीच आहे.

लहानसहान अडचणी आल्या, पण तर्काने त्या सुटल्या. महाविद्यालयाची घंटा भिंतीतून ऐकू येई तशी पडद्यातूनही येई. त्यावरून तिकडेही तास आपल्याच वेळेला संपतात, असं मुलांनी ठरवलं. आमची वीज गेली की फिनलंडचीही जायची आणि आली की तिकडेही यायची. यावर एका हुशार विद्यार्थ्याने युरोपातल्या ऊर्जासंकटावर निबंध लिहिला आणि त्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बक्षीस मिळालं. एप्रिलमध्ये नागपुरात काय होतं हे सांगायला नको. आवाज येतो म्हणून स्टोअर रूममधला कूलर बंद ठेवावा लागायचा आणि पाठीमागे बर्फ असल्यामुळे अस्मिताला लोकरीचा स्वेटर घालून बसावं लागायचं. प्रयोगशाळेतला परिचर भैय्याजी दाराशी पाण्याचा जग घेऊन उभा असायचा. वीज गेली की तो दार ढकलून म्हणायचा, "बाहेर या जी, मॅडम. थोडी हवा खाऊन घ्या. फिनलंड बंद आहे."

सत्र संपता संपता विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना निवेदन दिलं, की मॅडमना एकदा तरी प्रत्यक्ष पाहायची आमची इच्छा आहे. मधुसूदन सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच अस्मिताला फिनलंडहून बोलावण्याचं ठरवलं आणि कपाटही त्याच दिवशी उघडायचं असं सांगितलं.

यायचं म्हणजे विमानतळावर उतरणं आलं. त्या दिवशी संघपालने तिला स्कूटरवरून सोनेगावच्या विमानतळावर सोडलं. पायाशी एक रिकामी सुटकेस होती, आणि 'घालू नका, पण हातात तरी दिसू द्या' या सरांच्या आग्रहावरून घेतलेला एक ओव्हरकोट होता. सर पुष्पगुच्छ घेऊन विद्यार्थी प्रतिनिधींसह बाहेर उभे होते. दिल्लीचं विमान उशिरा आलं, त्यामुळे अस्मितालाही उशिरा यावं लागलं. तोवर ती एका खांबाआड ओव्हरकोट धरून उभी होती. प्रवासाने ती किती थकली आहे हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आणि कपाट उघडलं.

यानंतरचं निरीक्षण मला कोरडेपणाने लिहायला जरा जड जातं, पण प्रयत्न करते. प्रत्येकाच्या हातात एक ब्युरेट होती. अस्मिता एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे फिरत होती, कोणाचीही तोटी स्वतः फिरवून देत नव्हती. मायाचं द्रावण पहिल्या वेळी एकदम गडद गुलाबी झालं. तिने घाबरून वर पाहिलं. अस्मिता म्हणाली, "ओत आणि परत कर." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मायाने श्वास रोखला, एक थेंब सोडला, पात्र हलवलं, अर्धा थेंब सोडला. रंग आला, गेला, आला आणि थांबला. माया म्हणाली, "मॅडम, जर्नलमध्ये लिहिलेलं उत्तर चूक आहे." इतक्या वर्षांत आमच्या प्रयोगशाळेत हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

तेव्हा मागून कोणी तरी आनंदाने विचारलं, "मॅडम, वापस कधी जाणार?"

अस्मिताने हात पुसले. "जाणार नाही. मी गेल्या जूनपासून इथेच आहे. या भिंतीपलीकडे बसून शिकवत होते."

मला वाटलं होतं की खोटं बोलल्याबद्दल मुलं रागावतील. तसं झालं नाही. खोट्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. संध्याकाळपर्यंत आलेल्या लेखी निवेदनात म्हटलं होतं की आमची फसवणूक झाली आहे, संपूर्ण सत्र आम्हाला इथल्याच बाईंनी शिकवलं. काही विद्यार्थ्यांनी तर जुन्या वह्या उघडून पाहिल्या आणि तेव्हा समजलेला भाग आता समजत नसल्याचं नमूद केलं.

मधुसूदन सर नियमाने चालणारे गृहस्थ आहेत. कपाट आंतरराष्ट्रीय पाहुण्यांसाठी उघडलं होतं, पाहुण्या स्थानिक निघाल्या, म्हणून ते बंद करणं भाग होतं. भैय्याजीने ब्युरेट धुऊन, पुसून, मूळ खोक्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'यापुढे सदर कपाट केवळ आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली उघडण्यात येईल.'

मला वाटलं, आता ती जाईल. तिकडची जागा अजून भरलेली नव्हती आणि तिकडून विचारणाही झाली होती. संघपाल म्हणाला, "तू म्हणशील तसं." मिनलला एव्हाना नापास म्हणजे काय ते कळलं होतं. अस्मिता फलकापुढे उभी राहून ती सूचना पुन्हा पुन्हा वाचत होती. मग मला म्हणाली, "यात देखरेख कोणी करायची ते लिहिलेलं नाही. त्याला रसायनशास्त्र यायला हवं, असंही लिहिलेलं नाही." आणि तिथूनच तिने फोन लावला.

तेव्हापासून दर बुधवारी प्रयोगशाळेतल्या पडद्यावर आर्वो काका असतात. ते निवृत्त पोस्टमन आहेत, फिनलंडमध्ये अस्मिताच्या शेजारी राहायचे आणि मिनलला नातीसारखं वागवायचे. त्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही आणि रसायनशास्त्रही येत नाही. ते कॅमेरा सुरू करून स्वयंपाकघरात बसतात, बटाटे सोलतात, कॉफी पितात, शब्दकोडं सोडवतात. ते आंतरराष्ट्रीय आहेत याबद्दल मधुसूदन सरांनी खात्री करून घेतली आणि कपाट उघडून दिलं. मुलं रांगेने येऊन पडद्याला नमस्कार करतात आणि आपापली ब्युरेट घेतात. अस्मिता मधल्या जागेत फिरत शिकवते. काका कधी कधी डुलकी घेतात, तेव्हा सगळे हळू बोलतात. (सरांच्या मते ते चिंतन करतात.) उपस्थिती पूर्ण असते. एकदा अस्मिता आजारी होती तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा काकांचं इंटरनेट बंद होतं, तेव्हा मुलं घरी गेली.

पाच सप्टेंबरला विद्यार्थ्यांनी आर्वो काकांचा सत्कार केला. शाल पडद्याच्या वरच्या कडेवर पांघरली. काका गोंधळून हसले आणि त्यांनी हातातला बटाटा वर करून दाखवला. टाळ्या थांबेनात. अस्मितानेही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या, हे मी जवळून पाहिलं. त्या दिवशी फुटलेल्या ब्युरेटची संख्या एक होती. ती एका मुलीच्या हातून फुटली. अस्मिताने तिला दुसरी दिली.

सत्कार झाल्यावर माया ब्युरेट धुवायला मागे थांबली. तोटीचं पाणी झटकत ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? राग नका येऊ देऊ."

"विचार."

"तुम्ही वापस काहून आल्या?"

अस्मिताने तिच्या हाताकडे बोट दाखवलं. "ही तुझ्या हातात यावी म्हणून."

मायाने नम्रपणे मान हलवली. ब्युरेट उलटी करून स्टँडला लावली, हात पुसले, दाराबाहेर कोणी नाही हे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ते ठीक आहे, मॅडम. पण झालं काय होतं?"

मायाला हसू नये. ती लहान आहे, आणि कन्हानच्या बसमध्ये रोज तिला हेच विचारणारे भेटत असतील. तुमचं शिक्षण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त झालेलं आहे. कारण वर एका परिच्छेदात सरळ वाक्यात लिहिलेलं होतं. तुम्ही ते वाचलंत, मान हलवलीत, आणि खरं कारण शेवटी सांगतील म्हणून इथपर्यंत वाचत आलात.